उडवलंस, पण पुढे कुठे?

अगं, काकूंच्या फराळाच्या ऑर्डरींसाठी तू केलेलं ॲप पाहिलं. छान झालंय, खरंच. पण त्या लाल ‘काढून टाका’बद्दल जरा बोलायचंय. रागावू नकोस, पाचसहा वर्षं नोकरी केलेलेही इथे चुकतात.

यादीच्या पानावर तू ती साधी लिंक ठेवलीयस. लिंक दाबली की गेट विनंती जाते, आणि गेट म्हणजे नुसतं ‘दाखव’. तिने सर्व्हरवरचं काही बदलायचं नाही, हा वेबचा मूळ नियम. तो पाळला जातोय असं धरूनच सर्च इंजिनचे बॉट हिंडत असतात. २००५ साली गूगलने वेब ॲक्सिलरेटर काढला होता. पानं पटकन उघडावीत म्हणून तो समोरच्या पानावरच्या लिंका आधीच मागवून ठेवायचा. जिथे डिलीट ही लिंक होती, तिथे माणसाने हातही न लावता नोंदी उडायला लागल्या. लॉगिनचा उपयोग नाही, कारण तो त्या माणसाच्याच लॉगिनने फिरत होता. आणि जावास्क्रिप्टची ‘खात्री आहे का?’ ही चौकट त्याच्या वाटेत आलीच नाही. तेव्हा लिंक काढ, पोस्ट विनंती पाठवणारा फॉर्म आणि बटण ठेव. त्या फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनही घाल, म्हणजे दुसऱ्या साइटवरून कुणी परस्पर तुझं बटण दाबणार नाही.

खरी गंमत मात्र रीडायरेक्टमध्ये आहे. पोस्टनंतर तिथल्या तिथे पान दाखवलंस तर काकू रिफ्रेश करणार आणि ब्राउझर तोच फॉर्म परत पाठवू का म्हणून विचारणार. म्हणून काम झालं की दुसऱ्या पानावर पाठवायचं, हे तुला माहीत आहेच. तू तसं केलंयसही. पण स्टेटस बघ. ऑर्डरच्या पानावर तू फेच वापरून खरीखुरी डिलीट विनंती पाठवतेस. समज, ऑर्डर १२ मधली अर्धा किलो चकली काढली. सर्व्हरने चकलीची ओळ उडवली आणि ३०२ देऊन सांगितलं, आता ऑर्डर १२ च्या पत्त्यावर जा. ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची गेट करतो, डिलीटची करत नाही. तो ऑर्डर १२ कडे जातो ते हातात डिलीट घेऊनच! आणि त्या पत्त्यावर डिलीट आली तर काय करायचं, हे तूच सर्व्हरला शिकवून ठेवलंयस. चकलीपाठोपाठ लाडू, शंकरपाळे, पत्ता, सगळं साफ. एररसुद्धा नाही, कारण सर्व्हरच्या मते दोन्ही विनंत्या रीतसर होत्या. ३०२ च्या जागी ३०३ दे. त्याचा अर्थच ‘झालं काम, आता तिकडचं पान गेटने बघ’. एका आकड्याचा बदल आहे, आजच कर.

पाठवायचं कुठे, हेही डोकं लावून ठरव. उडवलेल्या नोंदीच्याच पानावर पाठवलंस तर ४०४ येणार. यादीवर ने, पण काकू ज्या फिल्टरवर होत्या तिथेच. तिसऱ्या पानावरची शेवटची नोंद गेली असेल तर दुसऱ्या पानावर ने, रिकामं पान नको दाखवूस. परतीचा पत्ता यूआरएलमधून घेत असशील तर तो आपल्याच साइटचा आहे ना, ते तपास. नाहीतर कुणीही तुझ्या नावाने लोकांना भलतीकडे पाठवेल. बटण दोनदा दाबलं गेलं तर ‘ही ओळ आधीच काढली आहे’ एवढं म्हण, पुरे. आणि नोंद शोधताना नुसत्या आयडीवर जाऊ नकोस, लॉगिन केलेल्या माणसाच्याच नोंदींत शोध. यूआरएलमधला १२ खोडून १३ करणारे महाभाग असतातच.

शिवाय मला विचारशील तर, आगाऊ पैसे घेतलेली ऑर्डर डिलीट करायचीच कशाला? ती रद्द होते. टेबलमध्ये ‘रद्द केल्याची तारीख’ हा कॉलम टाक आणि यादीत तो रिकामा असलेल्याच ऑर्डरी दाखव. चकलीची ओळ गेली तर गेली, पण पैशांचा हिशेब उडता कामा नये. रद्द ऑर्डरींचे आगाऊ पैसे काकू परत देतात की पुढच्या ऑर्डरीत वळते करतात, ते आधी विचारून घे. कॉलम एक लागेल की दोन, ते त्यावरच ठरेल.