चाकांची झळाळी

पावसाळ्यात उमरखेडच्या काळ्या रानातून मोटार आली, की तिची चाके चिखलाने माखतात. हल्ली पुष्कळ मोटारींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची हलकी, चकचकीत चाके असतात. स्वयंपाकघरात आपण ज्यास ‘जर्मन’ म्हणतो, तोच हा धातू. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तो आपल्या अंगावर अत्यंत पातळ कवच धारण करतो. म्हणून लोखंडासारखा गंजत नाही.

परंतु आम्लापुढे हे कवच टिकत नाही, आणि धुण्याच्या सोड्यापुढेही नाही. जर्मनच्या भांड्यात ताक ठेवू नये, असे आजी सांगते ते याचकरिता. पितळेची समई चिंचेने लखलखते. तीच चिंच चाकास लावली, तर झिलई मंदावून डाग पडतात. राखेने अथवा वाळूने घासण्याचे तर नावच नको!

चिखलाहून खोडकर असते ती ब्रेकमधून झडणारी भुकटी. तिच्यातील लोखंडाचे कण तापलेल्या चाकास चिकटतात आणि ओल लागताच गंजून तांबूस ठिपके उमटवितात. यास्तव चाक निवू द्यावे, भरपूर पाणी ओतावे, मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेले मऊ फडके फिरवावे. (बादली निराळीच घ्यावी, हे कण मोटारीच्या रंगावर ओरखडे पाडतात.) चाक कोरडे झाल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. मेणावरून पाणी ओघळून जाते. मात्र भर पावसात ते लवकर उतरते. तेव्हा तो हात पुन्हा द्यावा लागतो.