सूर्य मावळण्याआधी मजुरी

अभ्यासासाठी शास्त्रभाग: अनुवाद 24:14-15, याकोब 5:1-4



दिवाळीनंतर कासू स्टेशनवर उतरून मी आदिवासी वाडीवर जाते, तेव्हा बरीच घरे बंद दिसतात. गेल्या खेपेस एका आजीने सांगितले, "ताई, पोरं भट्टीवर गेली. पावसात उचल घेतली होती ना." पेण-रोहा भागातील अनेक कातकरी कुटुंबांची हीच गत आहे. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा उचल घ्यावी लागते. मग नवरा-बायको मुलांना घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही तोच मालक.

या भट्ट्यांच्या धुराने हवा बिघडते. म्हणून त्या बंद व्हाव्यात, असे आपण सहज म्हणतो. पण त्या आजीच्या पोरांनी मग कुठे जायचे? या पाठात हाच प्रश्न आहे.

1. एकदा हे घडून गेले आहे

कातकरी हे नाव कातावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या लोकांचा धंदा होता. इंग्रजांच्या काळात 1878 च्या कायद्याने जंगले सरकारी ताब्यात बांधली गेली आणि हा धंदा हळूहळू हातातून गेला. झाडे राखण्याचा विचार झाला, पण कात काढणाऱ्याच्या पोटाचा झाला नाही. तो दुसऱ्याच्या भट्टीवर मजूर झाला.

आता बांधकामात लाल विटेच्या जागी राखेच्या विटा आणि सिमेंटचे हलके ब्लॉक येत आहेत. सुपीक माती वाचावी आणि वीज केंद्रांची राख वापरली जावी, म्हणून केंद्र सरकारने 1999 मध्येच अधिसूचना काढली. बदल योग्य आहे. मात्र जुनी चूक पुन्हा होऊ नये.

2. वीज स्वच्छ असली, तरी व्यवहार स्वच्छ असतोच असे नाही

रोह्याच्या कुंडलिका नदीत भिरा येथील वीज केंद्राचे पाणी येते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली सोडून 1927 पासून तेथे वीज होते. धूर नाही, कोळसा नाही. पण त्याच धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. दिवे मुंबईत लागले, घरे मावळात बुडाली.

आज सौर ऊर्जेचे काम वाढते आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवण्याचे लक्ष्य आहे. सांगाडे उभारायला, वायरिंग करायला, देखभालीला माणसे लागतील. पण ठेकेदाराने रोजंदारीवर, पट्ट्याशिवाय छपरावर चढवले, तर भट्टी सुटली एवढेच. मजुराचे हाल तेच.

2015 च्या पॅरिस करारातही कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतर आणि चांगल्या रोजगाराचा उल्लेख आहे. म्हणजे जुना धंदा बंद होताना कामगाराला नवे, मानाचे काम मिळाले पाहिजे.

3. एकट्याची मजुरी अडते

मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितले आहे. याकोब म्हणतो की अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवापर्यंत जातो. हंगामाच्या शेवटी होणारा हिशेब या वचनांपुढे ठेवून पाहा.

आपल्या देशाचा कायदाही मजुराच्या बाजूने आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. किमान वेतनाहून कमी देणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड बांधकाम कामगारांच्या खटल्यात म्हटले. पण उचल घेतलेला एकटा माणूस मालकापुढे कायदा काढू शकत नाही. दहाजण मिळून हिशेबाची वही मागतात, तेव्हा ती दाखवावी लागते. म्हणून कामगार संघटना हवी. काही विश्वासी संघटनेच्या नावाने बिचकतात. पण भावाचा हक्क मागायला त्याच्या शेजारी उभे राहणे, यात वैर कसले?

4. आपण काय करू शकतो

भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा सुटते आणि पुढे आयटीआयचे दार बंद होते. म्हणून मागे राहणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय हीच सौर कामाच्या शिक्षणाची पहिली पायरी आहे. पावसाळ्यात बचत गटातून धान्य किंवा थोडे पैसे मिळाले, तर उचलीची गरज कमी होते. आणि मंडळीच्या छपरावर पॅनेल बसवताना ठेकेदाराला दराबरोबर मजुरी, विमा आणि सुरक्षा पट्ट्याबद्दलही विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरी किंवा मंडळीत काम करणाऱ्यांची मजुरी वेळेवर दिली जाते का?
2. आपल्या घराच्या विटा कोणी थापल्या, याचा आपण कधी विचार केला आहे का?
3. आपल्या भागात कामगार संघटित होऊ लागले, तर मंडळी त्यांना कोणती मदत देईल?

प्रार्थना

भट्टीवर गेलेली कुटुंबे सुखरूप परत यावीत, त्यांचा हिशेब खरा व्हावा आणि वाडीतील मुलांना शिक्षण व मानाचे काम मिळावे, म्हणून प्रार्थना करा.