संघ आपला कसा होतो?

बूट घेताना आपण चार जोड घालून बघतो. दुकानदाराला किंमत विचारतो, पटली नाही तर पुढच्या दुकानात जातो. पण ज्या फुटबॉल संघासाठी माणूस पन्नास वर्षे घसा कोरडा करतो, त्या संघाच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. आमच्या हाऊसमधल्या मुलांना मी विचारले, "तू हाच क्लब का धरलास?" एकालाही झटकन उत्तर देता आले नाही. "आवडतो म्हणून" असे सगळे म्हणाले. मग थोडे खोदल्यावर कुणाचा मोठा भाऊ निघाला, कुणाचे वडील, तर कुणाचा आतेभाऊ वापरून झालेली जर्सी. "मी सगळ्या संघांचा खेळ पाहिला आणि त्यातून हा निवडला" असे सांगणारा एकही कॅडेट मला भेटला नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. तिथे संघ निवडायचा नसतो, तो पत्त्याबरोबर येतो. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला, 1912 साली खासबागचे मैदान झाले आणि पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या. पुढे याच तालमींच्या मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून संघांची नावेच तालमींची आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब आहेतच. बाहेरच्या माणसाला तालीम म्हणजे आखाडा एवढेच वाटते. प्रत्यक्षात गल्लीचा गणपती तालमीचा, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची, पंचगंगेला पूर आला की मदतीला धावणारी पोरेही तालमीचीच. तालमीच्या कट्ट्यावर बसून मोठा झालेला मुलगा छत्रपती शाहू स्टेडियमवर गेला की कुठल्या बाजूला बसायचे हे त्याला शिकवावे लागत नाही. तो गल्लीबरोबर चालत जातो आणि गल्ली जिथे बसते तिथे बसतो.

यातही बारकावे आहेत. पाटाकडील, म्हणजे पीटीएम, मंगळवार पेठेतले. बालगोपालही मंगळवार पेठेतलेच. म्हणजे नुसती पेठ सांगून भागत नाही, गल्ली सांगावी लागते. आमचे घर पीटीएमचे. आई मात्र शिवाजी पेठेतली. लग्नानंतर तिचे आडनाव बदलले, देवघर बदलले, मटणाच्या रश्श्याचा मसालासुद्धा बदलला. संघ बदलला नाही. पीटीएम आणि शिवाजी यांचा सामना असला की त्या दिवशी आमच्या घरात आबा (माझे आजोबा) आणि आई एकमेकांशी फक्त कामापुरते बोलतात. आबा चहा मागताना "सूनबाई" म्हणतात, एरवी ते तिला नावाने हाक मारतात.

आता जरा अभ्यासाकडे वळू. संघ मनात कधी रुजतो, यावर अमेरिकेत सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या संशोधकाने आकडेवारी तपासली आणि 2014 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. खेळ बेसबॉलचा होता, पण मुद्दा आपल्याही कामाचा आहे. कोणत्या वयाच्या लोकांना कोणता संघ आवडतो हे त्याने फेसबुकवरून पाहिले. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने 1969 आणि 1986 मध्ये अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचे चाहते विशेष करून 1961 आणि 1978 साली जन्मलेल्या पुरुषांत जास्त सापडले. दोन्ही वेळा वजाबाकी करा, उत्तर आठ येते. मुलगा आठ वर्षांचा असताना जो संघ जिंकतो, तो पुढे जन्मभर त्याच्या मनात राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हा निष्कर्ष पुरुषांबाबत जितका ठळक होता तितका स्त्रियांबाबत नव्हता, हेही त्याने नोंदवले आहे. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यानं शिवाजी पेठेत येऊन विचारायला पाहिजे होतं."

ही आठ वर्षांची गोष्ट मला पटली, पण पूर्ण नाही. कारण आमच्या हाऊसमध्ये मँचेस्टर युनायटेडचे समर्थक पुष्कळ आहेत. युनायटेडने इंग्लंडची लीग शेवटची जिंकली 2013 मध्ये. तेव्हा आम्ही दोन-तीन वर्षांचे होतो, बूट उलटे घालत होतो. आम्ही आठ वर्षांचे झालो तेव्हा लीग मँचेस्टरमध्येच होती, पण दुसऱ्या क्लबकडे. मग या मुलांनी हरणारा संघ का धरला? याचे उत्तर त्यांच्या वडिलांच्या वयात आहे. 1993 ते 2013 या वीस वर्षांत युनायटेडने तेरा वेळा लीग जिंकली, आणि नेमक्या त्याच काळात भारतात घरोघरी केबल आली. तेव्हा जी मुले होती ते आजचे आमचे वडील, काका आणि मामा. म्हणजे जिंकलेला संघ वडिलांना मिळाला आणि मुलांना मिळाले वडील. शनिवारी रात्री वडिलांच्या शेजारी जागायला मिळते, यासाठी माणूस सात-शून्य हरणारा संघही चालवून घेतो. निदान माझी तरी अशी समजूत झाली आहे.

मेस्सीचे चाहते हा वेगळा प्रकार. 2021 मध्ये मेस्सी बार्सिलोनातून पॅरिसला गेला आणि 2023 मध्ये मियामीला. त्याच्याबरोबर आमच्या शेजारच्या पलंगावरच्या कॅडेटनेही दोनदा क्लब बदलला. त्यात वाईट काही नाही. पण तो क्लबचा माणूस नव्हे, मेस्सीचा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक साधे निरीक्षण केले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा) जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे घालून वर्गात येणारे विद्यार्थी वाढत. शिवाय विद्यार्थ्यांना सामन्याचे वर्णन करायला सांगितले, की जिंकलेल्या सामन्याबद्दल ते "आम्ही" हा शब्द जास्त वापरत आणि हरलेल्या सामन्याबद्दल कमी.

इंग्रजीत या कामासाठी एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत : आम्ही आणि आपण. "आम्ही जिंकलो" यात समोरचा माणूस बाहेर उभा राहतो. "आपण जिंकलो" यात तो आत येतो. हा फरक व्याकरणाच्या तासाला एका ओळीत संपतो, पण स्टेडियमवर तो फार मोठा असतो. आबा मला पहिल्यांदा खांद्यावर बसवून सामना दाखवायला घेऊन गेले तेव्हा मला ऑफसाइड कळत नव्हता, कोण कुठल्या बाजूने खेळतो हेही कळत नव्हते. आबा फक्त एवढेच म्हणत होते : "आपला कॉर्नर आहे. आपला गोलकीपर बघ. आपण एकानं पुढं आहोत." माझे मत कोणी विचारलेच नाही. मला आत घेतले आणि मग मी आतच राहिलो. हाऊसमध्ये मी ज्यांना ज्यांना विचारले त्या प्रत्येकाच्या गोष्टीत असे "आपण" म्हणणारे कोणीतरी आहे. माणूस संघाला आपला म्हणतो, त्याच्या आधी कोणीतरी त्याला आपल्यात मोजलेले असते.

हा "आपण" लहान-मोठाही होतो. 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तेव्हा कोणत्या पेठेचा, कोणत्या तालमीचा हे कोणी विचारले नाही. सगळे कोल्हापूर "आपला अनिकेत" म्हणत होते. विश्वचषक संपला, तालमींचे सामने सुरू झाले आणि "आपण" पुन्हा गल्लीएवढा झाला.

गाव सुटल्यावर हा शब्द किती घट्ट धरला जातो हे पाहायचे तर कोलकात्याकडे बघावे. मोहन बागान 1889 चा क्लब, ईस्ट बंगाल 1920 चा. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून लाखो माणसे घरदार सोडून आली. त्यांचे गाव दुसऱ्या देशात गेले, जमीन गेली, विहिरीसुद्धा गेल्या. पण कोलकात्यात त्यांच्या प्रदेशाचे नाव असलेला एक फुटबॉल क्लब होता. त्यांच्यापैकी असंख्य घरांनी तो धरला आणि आज त्यांची नातवंडे, ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिलेला नाही, तीही ईस्ट बंगालचीच आहेत. संघ जिंकला की त्यांच्या घरी हिल्सा मासा आणि मोहन बागानवाल्यांच्या घरी कोळंबी, अशी तिकडची पद्धत. आमच्या हाऊसमधला एक बंगाली कॅडेट मेसमध्ये मासा नसल्याने विजयाच्या दिवशी दोन अंडी जास्त मागतो.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. जिथे "आपण" आहे तिथे "ते" असतातच. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि 16 जण गेले. सामना पाहायला गेलेली माणसे घरी परतली नाहीत. आमच्या कोल्हापुरातही समर्थकांची हुल्लडबाजी झाली आहे, दगड पडले आहेत, सामने थांबले आहेत. काही जण याला पेठेची ईर्ष्या म्हणून कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक वाटत नाही. दगड गॅलरीत पडतो तेव्हा तिथे कुणाचे तरी आबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे असतात.

आपल्या शाळेतही हेच चालते, फक्त आपल्या लक्षात येत नाही. प्रवेशाच्या दिवशी यादीत नावापुढे हाऊस लिहिलेले असते. कोणी विचारत नाही. महिन्याभरात क्रॉस कंट्रीला आपण त्या हाऊससाठी ओरडत असतो. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती होणाऱ्या जवानाला कोणती पलटण मिळणार हे त्याच्या हातात नसते. पण मिळाली की ती त्याची. 1768 साली उभी राहिलेली जंगी पलटण आजही उभी आहे, ती अशाच न निवडलेल्या नात्यावर.

आता जयपूरबद्दल. इथे क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. राजस्थान रॉयल्सने 2008 ची पहिलीच आयपीएल जिंकली, त्यामुळे सवाई मानसिंग स्टेडियमवर बापलेक एकाच रंगाच्या जर्सीत दिसतात. फुटबॉलचा राजस्थान युनायटेड हा क्लब मात्र 2018 चा. इथल्या कोणत्याही मुलाला तो आजोबांकडून मिळणे शक्यच नाही. या क्लबने ऑगस्ट 2022 मध्ये ड्युरँड कपात मोठा पराक्रम केला. ड्युरँड म्हणजे 1888 साली शिमल्यात लष्करी संघांसाठी सुरू झालेली स्पर्धा, गुरखा ब्रिगेडने 1966 आणि 1969 मध्ये जिंकलेली, म्हणून आपल्याला जवळची. त्या स्पर्धेत राजस्थान युनायटेडने दोनदा मागे पडूनही कोलकात्यातच मोहन बागानला 3-2 असे हरवले आणि शेवटचा गोल अगदी अखेरच्या क्षणी केला. अशा विजयावर आठ वर्षांची किती मुले कायमची चाहती व्हायला हवी होती! पण त्यानंतरच्या मोसमात क्लबचे घरचे सामने झाले दिल्लीत, आंबेडकर स्टेडियमवर. पावणेतीनशे किलोमीटरवरच्या मैदानात खांद्यावर बसवून कोण नेणार? पुढे सामने जयपूरच्या विद्याधर नगर स्टेडियमवर होऊ लागले, ही मला त्या विजयापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. तिथे आज जे वडील मुलाला घेऊन जातील, त्यांच्यापासून या क्लबची वंशावळ सुरू होईल. आउटपास मिळाला की आम्ही काही जण जाणार आहोत. बंगाली कॅडेटही येतो म्हणाला आहे, त्याच्या शत्रूला हरवलेला संघ म्हणून.

माझा धाकटा भाऊ यंदा आठ वर्षांचा झाला. वडिलांच्या बदल्यांमुळे त्याला स्वतःची पेठ अशी नाहीच. जन्म जबलपूरचा, पहिली एका छावणीत, दुसरी दुसऱ्या. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला गेलो की आबा त्याला पीटीएमच्या बाजूला बसवतात आणि मामा शिवाजीच्या बाजूला. आबांना वाटते की हा मुलगा आता गावाकडे राहायला येणार नाही, तेव्हा निदान तालीम तरी त्याच्याजवळ राहावी. मामांना वाटते, बहिणीचा एक मुलगा तरी आपल्याकडे यावा. परवा रविवारी फोनवर भावाने मला विचारले, "दादा, आपण जिंकलो का?" त्या दिवशी सामना पीटीएम आणि शिवाजीचाच होता. "आपण म्हणजे कोण?" असे मी विचारले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "थांब, आईला विचारतो."