गौरवास साधनांची जोड

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यशाचा गौरव करताना त्यामागील साधनांचा विचार होणेही अगत्याचे आहे. उल्हासनगरच्या श्रीमती प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्यांनी ब्रेल लिपीतून शिक्षण घेतले. पुढे संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या प्रयत्नात ७७३ वा, तर दुसऱ्या प्रयत्नात १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर पदाची सूत्रे स्वीकारली.

जिद्द त्यांची स्वतःची होती. परंतु ब्रेल आणि वाचन-प्रणाली यांवाचून त्या जिद्दीला वाट मिळणे दुष्कर होते. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील तरतुदी महत्त्वाच्या ठरतात. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांचा शोध घेण्यासाठी दर पाच वर्षांनी पाहणी करावी, तसेच ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य द्यावीत, असे हा कायदा सांगतो. पाहणीत एकही मूल सुटू नये आणि साधने वर्ष सुरू होतानाच हाती पडावीत, याची दक्षता शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी घेतल्यास, सत्काराचे असे प्रसंग गावोगावी येतील.