रात्रनिवारा : जागेचा नियम व दाराचा नियम

कापसाचा हंगाम आटोपला म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यांतून शहराकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. कोणी मजुरीसाठीं जातो, कोणी कोर्टाच्या तारखेसाठीं, आणि पुष्कळजण आजारी माणसास घेऊन इस्पितळांत जातात. आजाऱ्यास खाट मिळते. परंतु त्याच्याबरोबर आलेल्यानें रात्रीं कोठें पडावें, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

आमच्या ओळखीचे एक उपदेशक आपल्या वृद्ध आईस घेऊन अशाच एका मोठ्या गांवच्या इस्पितळांत गेले होते. तिसऱ्या रात्रीं पहारेकऱ्यानें त्यांस ओसरीवरून उठविलें, व पुढच्या आठ रात्री त्यांनीं बसच्या फाट्यावर, डोक्याखालीं पिशवी घेऊन काढल्या. ते परत आल्यावर आम्हीं त्यांस विचारलें कीं, येथें नगरपालिकेचा रात्रनिवारा आहे काय, अशी चौकशी आपण केलीत काय? ते किंचित् रागावूनच म्हणाले, "तो भिकाऱ्यांसाठीं असतो. देवाच्या कृपेनें आम्ही अजून भिकारी झालों नाहीं." हें उत्तर एकट्या त्यांचें नव्हे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचा समज असाच आहे, आणि म्हणून आजचा पाठ आम्ही या विषयावर देत आहों. निवारा ही कोणाची भीक नसून तिला नियम आहेत, व ते नियम खेड्यांतील मनुष्यासही ठाऊक असले पाहिजेत.

प्रथम हा नियम कोठून आला तें पाहूं. डिसेंबर २००९ मध्यें दिल्लींतील पुसा रस्त्याच्या चौकांत बेघर लोकांसाठीं उभारलेला तंबूचा निवारा तेथील महापालिकेनें काढून टाकला. कडाक्याच्या थंडीचे ते दिवस होते. अन्नाच्या हक्काविषयींचा एक खटला २००१ पासून सर्वोच्च न्यायालयापुढें चालूं होता; त्यांत न्यायालयानें नेमलेल्या आयुक्तांनीं ही गोष्ट न्यायालयास कळविली. उपाशी माणूस थंडींत लवकर मरतो, म्हणून अन्न व निवारा हे दोन प्रश्न वेगळे करतां येत नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. तेव्हां २०१० च्या आरंभीं न्यायालयानें पहिल्यानें दिल्लीकरितां व मग इतर राज्यांकरितांही निवारे उघडण्याचे आदेश दिले. शहराच्या दर एक लाख वस्तीमागें निदान शंभर माणसांची सोय असावी, हें प्रमाण त्यांतूनच रूढ झालें. पुढें २०१३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानांत शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना घातली, व तिच्यांत निवारा कोठें असावा, केवढा असावा आणि कसा चालवावा, हें लिहून दिलें. आरंभीं ती एक लाखावरील शहरांस व जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणांस लागू होती. २०१६ सालीं सर्व नगरपालिकांच्या गांवांपर्यंत ती वाढविण्यांत आली. यवतमाळ शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेंत १,१६,५५१ होती. म्हणजे या हिशेबानें शंभराहून अधिक माणसांची जागा एकट्या त्या शहराच्या वांट्यास येते. त्या अभियानाची मुदत २०२४ सालीं संपली, हें खरें. पण न्यायालयानें घालून दिलेलें प्रमाण अभियानाच्या मुदतीनें बांधलेलें नाहीं.

आतां जागेचा नियम. योजनेंत असें सांगितलें होतें कीं, निवारा रेल्वे स्टेशन, बस स्थानक, बाजार, धान्याच्या पेठा इत्यादि ठिकाणांच्या जवळ असावा. म्हणजे बेघर माणसें जेथें आधींच गोळा होतात व जेथें त्यांचें काम असतें, तेथें. हा नियम वाचावयास साधा वाटतो. परंतु सर्वांत अधिक मोडला जाण्याजोगा नियम हाच आहे. गांवांत निवारा व्हावा असें सर्वच म्हणतात, पण आपल्या आळींत व्हावा असें कोणी म्हणत नाहीं. चोऱ्या होतील, घाण होईल, दुकानांचें गिऱ्हाईक तुटेल, अशा तक्रारी होतात. मग ती इमारत गांवाबाहेर, कचरा टाकण्याच्या मैदानापलीकडे किंवा नाल्याच्या कांठीं नेली जाते. तेथें निवारा उभा राहतो, कागदावर त्याची नोंद होते, आणि आंत माणूस नसतो. पहांटे तीन वाजतां बाजारांत गाडी उतरविणारा हमाल रात्रीं दीड कोस चालत झोंपावयास जाणार नाहीं. इस्पितळांत ज्याची बायको आहे तो तर हांकेच्या अंतराबाहेर जाणारच नाहीं. मग अधिकारी म्हणतात कीं, निवारा रिकामा आहे, म्हणजे बेघर लोक नाहींत! आमच्या मतें चुकीच्या जागीं बांधलेला निवारा हा न बांधलेल्यापेक्षां अधिक नुकसानीचा आहे, कारण तो दुसऱ्याची वाट अडवितो.

ही गोष्ट आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या एका परटास कोणत्याही योजनेपूर्वीं समजली होती. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनीं लोकांकडून पैसा जमवून ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या, व स्वतः मात्र त्यांत मुक्काम केला नाहीं. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस कोठेंही थारा नव्हता, म्हणून तेथें त्यांनीं चोखामेळ्याच्या नांवाची धर्मशाळा उभी केली. मुंबईस त्यांच्या कार्यांतून चाललेली दादरची धर्मशाळा आज दूरगांवच्या कर्करोग्यांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. गरज जेथें उभी आहे तेथेंच छप्पर उभें करावयाचें, हा त्या कामाचा धडा आम्हांस दिसतो.

आपल्या वाचकांस गणनेच्या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय माहीत आहे. तेथील शरणपुरें सहा होतीं. तीन यार्देनेच्या एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत देशाचे तीन भाग करून तेथवरचे रस्ते नीट करण्याची आज्ञा आहे, आणि अंतर लांब पडल्यास पळणारा मध्येंच गांठला जाईल, असें कारणही दिलें आहे. आश्रयाच्या नियमांत अंतराचा हिशेब घालणें ही गोष्ट इतकी जुनी आहे.

शहरांत कोणती जमीन कशाकरितां राखावी हें महाराष्ट्रांत १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास आराखड्यांत ठरतें. शाळा, बाग, बाजार यांकरितां जशी जमीन राखून ठेवितात, तशी ती निवाऱ्याकरितांही राखतां येते. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यांत बेघरांच्या निवाऱ्यांस असें स्थान दिलेलें आहे. मात्र राखलेली जमीन दहा वर्षांत संपादन केली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो, आणि नंतरच्या मुदतींतही हालचाल झाली नाहीं तर तें आरक्षण आपोआप सुटतें. म्हणून नकाशावरच्या रंगावर भरंवसा ठेवून बसूं नये. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हां कोणासही सूचना व हरकती लेखी देतां येतात. हरकती देणारे पुष्कळ असतात; "येथें निवारा पाहिजे" अशी सूचना देणारा बहुधा कोणी नसतो. तालुक्याच्या गांवीं आपली मंडळी असेल, तर तिच्या पंचांनीं हें काम आपलें समजावें.

दुसरा दाराचा नियम. निवारा चोवीस तास व बाराही महिने उघडा असावा, असें योजनेंत स्पष्ट होतें. केवळ थंडींतला निवारा पुरत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत उन्हाळाही माणसें मारितो, व पावसाळ्याविषयीं तर बोलावयासच नको. रात्रपाळीचा मजूर दिवसा झोंपतो, त्यास सकाळीं सातला बाहेर काढणें म्हणजे निवारा न देणेंच होय. स्त्रियांकरितां, कुटुंबांकरितां, तसेंच वृद्ध, दुबळे व मनोरुग्ण यांच्याकरितां निराळी सोय असावी. आंत राहणाऱ्यांस ओळखपत्र, शिधापत्रिका, बँकेचें खातें इत्यादि मिळवून देण्यास साह्य करावें, असेंही योजनेचें सांगणें होतें. यावरून आमच्या मतें एक गोष्ट उघड होते. जेथें ओळखपत्र मिळवून द्यावयाचें, तेथेंच तें नाहीं म्हणून रात्रीं माणूस परतविणें, हें वैद्यानें रोग्यास "आधीं बरा होऊन ये" म्हणण्यासारखें आहे. नांव, गांव व आल्याची वेळ वहींत लिहून घ्यावी. कागद सकाळीं पाहतां येतात.

आंतल्या व्यवस्थेचा मुख्य आंकडा हा कीं, दर माणशीं निदान पन्नास चौरस फूट जागा पाहिजे. आपलें एखादें प्रार्थनामंदिर तीस फूट लांब व वीस फूट रुंद असेल, तर त्याची जागा सहाशें चौरस फूट भरते. म्हणजे बारा माणसें. सणाच्या दिवशीं त्याच खोलींत दीडशें माणसें बसलेलीं पाहण्याची आपणांस सवय असते, त्यामुळें बारा ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण बसणें निराळें व निजणें निराळें. दाटीनें निजलेल्या खोलींत एकाचा खोकला सर्वांचा होतो, आणि क्षय हा गरिबाच्या घरचा जुना पाहुणा आहे. याखेरीज हवा, उजेड, पिण्याचें पाणी, न्हाणीघरें व शौचकूप, आगीपासून बचावाचें साधन, औषधाची पेटी, अंथरूणपांघरूण वेळोवेळीं धुण्याची व्यवस्था, आणि आठ आठ तासांच्या पाळीनें निदान तीन राखणदार, हें सर्व योजनेंत सांगितलें होतें. यांत नवें असें थोडेंच आहे. १८६७ च्या सराई कायद्यांतही सराईवाल्यानें विहिरी, गटारें व खोल्या स्वच्छ ठेवाव्या, पुरेसे पहारेकरी नेमावे, दराची यादी दिसेल अशी लावावी, सांथीचा रोगी आढळल्यास पोलिसांस तत्काळ कळवावें, इतकेंच नव्हे तर ज्या फांदीवरून चोर आंत उतरूं शकेल ती झाडाची फांदीही तोडून टाकावी, असें लिहिलेलें होतें. हें फांदीचें कलम ज्यानें लिहिलें त्यानें सराईंत एखादी रात्र काढली असावी!

तथापि नियम असूनही पुष्कळ ठिकाणीं काम झालें नाहीं. मिळालेल्या पैशाच्या मानानें निवारे फार थोडे उभे राहिल्याचें पाहून सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१६ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखालीं तपासणीकरितां समिति नेमली.

"निवाऱ्यांत जाणारा तो भिकारी" या समजाकडे आतां परत येऊं. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमांत भीक मागण्याच्या व्याख्येखालीं केवळ हात पसरणारा येत नाहीं. उदरनिर्वाहाचें उघड साधन नसतां, भीक मागूनच जगत असावा असें वाटेल अशा स्थितींत सार्वजनिक जागीं भटकणारा किंवा राहणाराही त्यांत येतो; आणि पहिल्याच वेळीं अशा माणसास एक ते तीन वर्षेंपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद त्यांत केली गेली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१८ मध्यें या कायद्याचीं पुष्कळ कलमें दिल्लीपुरतीं रद्द केलीं, तें याच कारणास्तव कीं गरिबी हा गुन्हा नव्हे. आमच्या उपदेशकबंधूंनीं हें लक्षांत घ्यावें. निवाऱ्याच्या वहींत ज्याचें नांव आहे त्याला पत्ता आहे. लाजेनें फाट्यावर मळक्या कपड्यांत निजणाऱ्यालाच कायद्याच्या भाषेंत भिकारी ठरण्याचा धोका अधिक.

खेड्याचें काय, असें वाचक विचारतील, व तें योग्यच आहे. २०११ च्या जनगणनेंत देशांत सुमारें १७ लाख ७३ हजार माणसें बेघर मोजलीं गेलीं. त्यांपैकीं ८ लाख ३४ हजारांवर ग्रामीण भागांतील होतीं. महाराष्ट्राची संख्या दोन लाख दहा हजारांवर होती. जवळजवळ अर्धे बेघर खेड्यांत, आणि वर सांगितलेली योजना केवळ शहरांकरितां. ही उणीव आम्हांस फार मोठी वाटते. खेड्यास आज जो नियम लागू पडतो तो आपत्तीच्या वेळचा. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन अधिनियमाप्रमाणें निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार व स्वच्छता यांचें किमान प्रमाण मदतछावण्यांत पाळलें जावें, व विधवा आणि अनाथ यांच्याकरितां विशेष तरतूद असावी, असें ठरलें आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, व गरज पडल्यास इमारती ताब्यांत घेण्याचाही अधिकार या कायद्यांत आहे. २०२० च्या टाळेबंदींत पायीं निघालेल्या मजुरांकरितां शाळांतून निवारे उघडले गेले, तें आपण पाहिलें. जुलै २०२३ मध्यें महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांडा पुरानें वेढला गेला व तेथील माणसें बाहेर काढावीं लागलीं. अशा रात्रीं जागा शोधीत बसण्यास वेळ नसतो. म्हणून जागेचा नियम येथेंही तोच, फक्त इस्पितळाऐवजीं उंचवटा पाहावयाचा. आपली शाळा किंवा प्रार्थनामंदिर नाल्याच्या कोणत्या बाजूस आहे, रस्ता पाण्याखालीं जातो काय, किती माणसें निजूं शकतील, शौचकूप किती, किल्ली रात्रीं कोणाजवळ असते, या गोष्टी मृगाच्या आधीं लिहून एक प्रत ग्रामपंचायतींत व एक तहसिलींत द्यावी. दार उघडलें तर तें सर्वांकरितां उघडावें. आपल्या मंडळीचीं माणसें आधीं व इतर मागून, असा क्रम छपराखालीं चालत नाहीं.

आतां शहरांतील निवाऱ्याविषयीं उपदेशकांनीं काय करावें? नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांस साध्या मराठींत अर्ज लिहावा, कीं आपल्या हद्दींत बेघरांचा निवारा कोठें आहे, त्यांत किती जागा आहेत, स्त्रियांची सोय निराळी आहे काय, तो कोण चालवितो, व इस्पितळापासून किती अंतरावर आहे. उत्तर न आल्यास हीच माहिती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं मागावी. दहा रुपये फी पडते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तीही नाहीं, व तीस दिवसांत उत्तर दिलें पाहिजे. निवारा असल्यास त्याचा पत्ता मंदिराच्या फळ्यावर, मोटारींच्या वेळापत्रकाशेजारीं लावावा, म्हणजे आजाऱ्याबरोबर जाणारा तो लिहून घेईल. निवारा नसल्यास तसें उत्तर लेखी घ्यावें, आणि त्यावर मंडळीच्या पंचांच्या सह्या करून, कोणत्या जागीं तो पाहिजे हें नांव घालून, दुसरा अर्ज करावा. अर्जाची प्रत आपल्याजवळ ठेवावी व शिक्क्याची पोच घेतल्यावांचून कचेरींतून परतूं नये.