शर्यत बिघडल्यानंतरचा दिवस

मुलं धावायला लागली की आपण आईबाप शर्यतीच्या आधीचं सगळं शिकून घेतो. आदल्या रात्री काय खायचं, बूट कुठले, वॉर्म-अप किती वेळ. शर्यत बिघडली तर उरलेला दिवस कसा काढायचा, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे दुखापत नेमकी तेव्हाच झाली, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहतो. लेक सोळा वर्षांची, पंधराशे मीटर धावते. त्या दिवशी कंठीरव स्टेडियमवर तिची शर्यत होती. पावणेचार फेऱ्यांपैकी पहिल्या दोन ती पुढच्या घोळक्यात होती. तिसरीत एकेक मुलगी तिला ओलांडत गेली. शेवटच्या वळणावर तिचे खांदे वर चढले, पावलं जड पडू लागली. वेळ आली ती गेल्या वर्षीपेक्षा वाईट. बाहेर आली तेव्हा बिब ओढून काढलेलं होतं. चार पिनांखाली कागदाचे चार कोपरे तेवढे बनियनला राहिले होते. "आई, आत्ता काही विचारू नकोस." मी नाही विचारलं. केळं पुढे केलं, तेही तिने घेतलं नाही.

घरी येऊन ती मोबाइलवर इतर मुलींच्या वेळा बघत बसली. तेवढ्यात नातेवाइकांचा फोन, "कितवी आली?" भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात, न जेवता बूट घालून ती अगरा तलावाकडे धावत सुटली. स्वतःला शिक्षा म्हणून. सकाळच्या एका इडलीवर होती. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली, फुटपाथच्या वर आलेल्या फरशीला पाय अडकला आणि घोटा मुरगळला. महिनाभर धावणं बंद.

फिजिओंनी नंतर नीट समजावलं. जीव तोडून धावल्यावर स्नायू थकलेले असतात, सांध्याला वेळेवर सावरत नाहीत. त्यात पोट रिकामं आणि अंगात पाणी कमी. अशा वेळी केलेला जादा सराव अंगी लागत नाही, नुसती झीज होते. त्यामुळे शर्यत कशीही जावो, तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं. गिळवत नसेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मग दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, थांबून खारा बाथ (तिखट उपमा) किंवा इडली. त्या दिवशी पुन्हा धावायचं नाही, आणि 'सोडून देते' किंवा 'कोच बदलते' असले निर्णयही घ्यायचे नाहीत. रडू येत असेल तर येऊ द्यावं. घरच्यांचे फोन आपण घ्यावेत, मुलीच्या हातात देऊ नयेत. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तोच प्रश्न चारचौघांनी विचारला की मूल आणखी मिटतं.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. ऑगस्ट २०२३मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं. मधल्या काळात तो किती हळहळला असेल! पण पुढची तयारी थांबवली नाही.

शर्यतीची चिकित्सा दोन-तीन दिवसांनी, कोचबरोबर, शांतपणे करावी. पहिल्या फेऱ्या फार जोरात गेल्या का, झोप किती झाली, परीक्षा चालू होत्या का. या वयात अंग भराभर बदलतं आणि वर्षभर वेळ सुधारत नाही असंही होतं, मुलींच्या बाबतीत तर बरेचदा. पण दम लवकर लागत असेल, सतत थकवा असेल, पाळी चुकत असेल, तर 'आळस' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा, आणि ती पुरेसं जेवते आहे का ते बघा.

दोन आठवडे उलटले तरी मूल खोलीबाहेर येत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर मदत घ्या. 'मी कशाच्याच लायकीची नाही' असं ते बोलू लागलं तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिची मुख्य संस्था असलेलं निम्हान्स तर आमच्याच होसूर रोडवर आहे.