बीसीडी घेताय? किमतीआधी माप बघा, मग तोल

अंदमानात प्रशिक्षकाचा हात न धरता पहिली डाइव्ह केली, तेव्हा भाड्याचं जॅकेट मिळालं ते 'मीडियम'. माझी उंची पाच फूट एक इंच. "पट्टे आवळले की बसेल," असं सांगण्यात आलं आणि मीही मान डोलावली. पाण्यात उतरून हवा भरली, तसं ते जॅकेट वर सरकून थेट कानांना टेकलं. खाली गेल्यावर टाकी पाठीवर डावी-उजवीकडे लोळू लागली. मान वर केली की टाकीचा व्हॉल्व्ह डोक्याला लागायचा. कमरेला 8 किलो शिसं होतं. त्यामुळे पाय खाली आणि डोकं वर अशी तिरकी होऊन मी पाणी कापत राहिले. 28 मिनिटांत माझ्या टाकीत 50 बार हवा उरली, सोबतच्यांकडे अजून 90 बार होती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात 'स्मॉल' मिळालं. प्रशिक्षकाने वजन तपासून शिसं 5 किलोवर आणलं. तोच समुद्र आणि तेवढीच खोली, पण या वेळी 45 मिनिटं खाली राहिले आणि एकदाही हात मारावे लागले नाहीत. त्या दोन दिवसांत जे कळलं, ते बीसीडीवर (बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, म्हणजे स्कुबा डाइव्हरचं हवा भरायचं जॅकेट) पैसे घालण्याआधी प्रत्येकाला कळावं, म्हणून हा हिशेब मांडते आहे.

बीसीडी नेमकं करते काय?

टाकी पाठीला बांधणं, शिसं धरणं आणि हवा भरून किंवा सोडून तुम्हाला हव्या त्या खोलीवर तरंगत ठेवणं, ही तिची तीन कामं. आत हवेची पिशवी असते. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीच्या टोकाला इन्फ्लेटर असतो. त्याच्या एका बटणाने टाकीतली हवा पिशवीत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. खांद्यावर आणि मागे कमरेजवळ हवा सोडण्याचे जादा व्हॉल्व्ह असतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड ती पाण्याबाहेर ठेवेलच, असं नाही.

घ्यायची की भाड्याने चालेल?

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला एकदाच हौसेखातर डाइव्ह करायची असेल, तर काहीही विकत घेऊ नका. तिथे बीसीडीची बटणं प्रशिक्षकच हाताळतो. ओपन वॉटर कोर्स करणाऱ्यांनीही कोर्स संपेपर्यंत थांबावं. आधी मास्क घ्या, मग बूट आणि फिन्स. बीसीडीचा विचार 15-20 डाइव्ह झाल्यावर, दोन-तीन प्रकारची जॅकेटं घालून झाल्यावर करा.

पैशाचं गणित मांडून बघा. समजा, स्वतःची बीसीडी आणल्यावर केंद्र दर डाइव्हमागे 500 रुपये कमी करतं आणि तुम्ही ती 40 हजारांना घेतलीत. 80 डाइव्ह झाल्यावर पैसे वसूल. वर्षाला आठ डाइव्ह करणाऱ्याला त्यासाठी 10 वर्षं लागतील. पुष्कळ केंद्रांत तर डाइव्हच्या दरात साहित्य धरलेलंच असतं आणि सूट मिळतच नाही. म्हणून पैसे वाचतील या हिशेबाने बीसीडी घेऊ नका. अंगाला नीट बसणारी, ओळखीची आणि स्वतः सांभाळलेली वस्तू हवी असेल तरच घ्या. भाड्याच्या ढिगात ज्यांचं माप सहसा सापडत नाही, त्या ठेंगण्या, खूप उंच किंवा स्थूल माणसांनी ती इतरांपेक्षा लवकर घ्यावी.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पुढचे आकडे नव्या वस्तूचे आणि ढोबळ आहेत. मॉडेल, कर आणि डॉलरचा भाव यांनुसार ते हलतात, म्हणून दोन-तीन विक्रेत्यांकडून करासहित लेखी दर मागवाच.

*जॅकेट:* साधारण 25 ते 45 हजार. हवा पाठीला, कुशीला आणि पुढेही भरते. पाण्यावर तरंगताना ते माणसाला छान उभं धरून ठेवतं, म्हणून शिकवण्याच्या केंद्रांत बहुधा हेच असतं. तोटा असा की पूर्ण फुगलं की काहींच्या छाती-पोटावर दाब येतो आणि पाण्याखाली हवा इकडेतिकडे सरकते.

*बॅक-इन्फ्लेट:* साधारण 45 ते 90 हजार. हवा फक्त पाठीमागे असते, त्यामुळे छाती मोकळी राहते आणि पाण्याखाली आडवं राहणं सोपं जातं. पाण्यावर मात्र जास्त हवा भरली तर ती तोंडावर ढकलते. थोडी हवा कमी ठेवून मागे रेललं की जमतं, पण सवय करावी लागते.

*बॅकप्लेट आणि विंग:* साधारण 40 ते 80 हजार. धातूची पाटी, त्यावरून ओवलेला एकसलग पट्टा आणि मागे हवेची पिशवी. पट्टा तुमच्या अंगावर मापून कापलेला असतो, म्हणून स्मॉल-मीडियमचा प्रश्नच उरत नाही. एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. स्टीलची पाटी पावणेतीन किलोच्या आसपास भरते आणि तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. ॲल्युमिनियमची पाटी किलोभराची, ती प्रवासाला बरी. खिसे आणि गादी मात्र फारशी नसते, आणि पहिल्यांदा पट्टा बसवायला जाणकार माणूस लागतो.

विमानाने जाणाऱ्यांनी वजनही बघावं. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारण 15 किलो सामान नेता येतं. भरभक्कम जॅकेट चार किलोच्या घरात जातं, प्रवासी बनावटीचं दोन-अडीच किलोत बसतं. अंदमानला वर्षाआड जाणाऱ्याला हा फरक दर खेपेला जाणवेल.

दुकानात अंगावर चढवून बघाच

टी-शर्टवर घालून आरशात पाहून घेतलेली बीसीडी पाण्यात दगा देते. स्वतःचा वेटसूट सोबत न्या, तो घाला आणि मग बीसीडी चढवा. शक्य असेल तर दुकानदाराला टाकी लावायला सांगा. त्यानंतर हे करून बघा:

- पट्टे नेहमीसारखे आवळा आणि मागून कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. दोन-तीन बोटांपेक्षा जास्त वर सरकली तर माप मोठं आहे.
- व्हॉल्व्हमधून जादा हवा आपोआप बाहेर पडेपर्यंत फुगवा आणि खोल श्वास घ्या. छाती आवळली तर ती बीसीडी तुमची नाही.
- कमरेचा पट्टा पोटावर पुरेसा चढतो का? सगळे पट्टे अगदी शेवटच्या टोकापर्यंत ओढावे लागत असतील, तर पुढचं लहान माप मागा.
- पुढे वाका आणि डावी-उजवीकडे वळा. टाकी पाठीसोबत हलली पाहिजे, मागून लोळत येता कामा नये.
- डोळे मिटा. इन्फ्लेटर, खांद्याचा व्हॉल्व्ह, मागचा व्हॉल्व्ह, शिशाच्या खिशाची मूठ, हे सगळं चाचपून सापडलं पाहिजे.
- स्त्रियांसाठीच्या बनावटीत पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीच्या बाजूने वळवलेले असतात. ठेंगण्या पुरुषांनीही ती घालून बघायला हरकत नाही.

आतल्या पट्टीवर सीई खूण आणि युरोपीय मानक ईएन 1809 यांचा उल्लेख आहे का, तेही वाचा.

लिफ्ट किती हवी?

लिफ्ट म्हणजे हवेची पिशवी किती वजन तरंगवून धरू शकते ते. विक्रेता 20 किलो लिफ्ट मोठ्या कौतुकाने सांगतो. आपल्या उबदार समुद्रात, तीन मिलिमीटर वेटसूट आणि एक टाकी घेऊन डाइव्ह करणाऱ्याला ती लागत नाही. हिशेब असा. भरलेल्या 11 लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत सुमारे 2.6 किलो हवा असते. खोलीवर वेटसूट दबून त्याची तरंगशक्ती दोनेक किलोने घटते. पाण्यावर डोकं बाहेर ठेवायला चार-पाच किलो लागतात. ही बेरीज आणि वर थोडी राखीव धरून 12 ते 14 किलो लिफ्ट पुरते. मोठी पिशवी म्हणजे पाण्यात जादा अडथळा, आणि अर्धवट भरली की आत हवा डोलत राहते.

तोल: खरी मेख इथे आहे

शिसं जास्त झालं की ते सावरायला जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. ती हवा खोली बदलली की फुगते-आक्रसते आणि सतत बटणं दाबत बसावं लागतं. महागडी बीसीडीही हा दोष झाकू शकत नाही. म्हणून आधी वजन ठरवा.

डाइव्हच्या शेवटी टाकीत 50 बार उरले असताना पाण्यावर या, जॅकेट पूर्ण रिकामं करा, फिन्स न हलवता उभे राहा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत असावं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू बुडू लागावं. हे भरलेल्या टाकीने तपासलंत, तर अंदाजे दोन किलो वाढवा, कारण डाइव्हभर तेवढ्या वजनाची हवा तुम्ही वापरणार असता. पुण्या-मुंबईच्या तलावात जमलेलं वजन समुद्रात पुरत नाही, हेही ध्यानात असू द्या. खारं पाणी जड असल्याने बहुतेकांना तिथे दोनेक किलो जादा लागतात.

मग तोल. पाच मीटरवर स्थिर व्हा, हात पुढे बांधा, पाय थांबवा आणि मनात दहा मोजा. पाय खाली जात असतील तर किलोभर शिसं कमरेवरून काढून टाकीच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशात घाला, किंवा टाकी पट्ट्यात दोन बोटं वर घ्या. डोकं खाली जात असेल तर याच्या उलट करा. म्हणूनच बीसीडी निवडताना टाकीच्या पट्ट्याजवळ तोलाचे खिसे आहेत का, हे जरूर बघा. चकचकीत डी-रिंगांपेक्षा हे दोन साधे खिसे जास्त उपयोगी पडतात.

जुनी घ्यायची असेल तर

निम्म्या किमतीत चांगली वस्तू मिळू शकते, पण तपासून. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तेवढीच टणक राहिली पाहिजे. टब भरून पाण्यात दाबा आणि शिवणीतून, व्हॉल्व्हमधून बुडबुडे येतात का पाहा. टाकीची नळी जोडून बटण न दाबता दहा मिनिटं थांबा. ती आपोआप फुगू लागली तर इन्फ्लेटर दुरुस्तीला आलाय. मग कानाजवळ धरून हलवा. आत वाळू सरकल्यासारखा खरखर आवाज आला, तर ते साठलेलं मीठ समजा. मूळ मालकाने ती कधी आतून धुतलेलीच नाही.

घेतल्यानंतरचा खर्च

वर्षाला दोन-चार हजार बाजूला काढून ठेवा. इन्फ्लेटर वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. स्कुबाप्रो, मॅरेस, क्रेसी असा कोणताही ब्रँड घ्या, पण त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती तुमच्या शहरात किंवा नेहमीच्या डाइव्ह केंद्रात मिळते का, हे आधी विचारा. परदेशातून आणणार असाल तर कस्टमची करमुक्त मर्यादा आणि वॉरंटी भारतात चालते का, हे दोन्ही बघून मगच पैसे मोजा.

बाकी काळजी फुकटात होते. डाइव्ह संपली की इन्फ्लेटरच्या तोंडातून ग्लासभर-दोन ग्लास गोडं पाणी आत ओता, थोडी हवा भरा, जॅकेट उलटंसुलटं खळाळून हलवा आणि पाणी मागच्या व्हॉल्व्हमधून काढा. बाहेर आलेलं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत हे करा. बटणं पाण्याखाली धरून दाबा. सावलीत, अर्धवट फुगवून वाळवा आणि तशीच ठेवा. पावसाळ्यात कोकणातल्या डाइव्ह बंद असतात, त्या महिन्यांत घडी घालून माळ्यावर टाकलेल्या बीसीडीची बटणं ऑक्टोबरात अडकतात.

माझा सल्ला

वर्षाला पाच-सहाच डाइव्ह होत असतील आणि भाड्यात तुमचं माप मिळत असेल, तर भाड्यानेच घ्या आणि माप बसत नसेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. नियमित डाइव्ह करत असाल आणि एकच बीसीडी घ्यायची असेल, तर 12 ते 14 किलो लिफ्टची, तोलाचे खिसे असलेली साधी बॅक-इन्फ्लेट किंवा बॅकप्लेट-विंग घ्या. शिकत असाल किंवा समुद्राची भीती अजून पुरती गेली नसेल, तर भाड्याचं साधं जॅकेट उत्तम. आणि दुकानातली सर्वांत महागडी बीसीडी वर सरकत असेल व सर्वांत स्वस्त अंगाला चिकटून बसत असेल, तर बेलाशक स्वस्तच घ्या.